हरवलेली किल्ली आणि हमखास इलाज

वाचकहो, या सदरात आपण बहुधा औषधे, आहार आणि व्यायाम यांविषयी बोलतो. आज मात्र एका वेगळ्याच कारणाने वाढलेल्या रक्तदाबाची हकिकत सांगणार आहे. ओळख पटू नये म्हणून तिच्यातील काही तपशील मी बदलले आहेत.

माझ्याकडे पंधरा वर्षांपासून येणारे एक निवृत्त माध्यमिक शिक्षक आहेत. वय चौऱ्याहत्तर. आपण त्यांना नुसते ‘सर’ म्हणू. सरांचा रक्तदाब गोळ्यांवर नेहमी १३०/८० च्या आसपास असे. गेल्या महिन्यात एके दिवशी तो १७८/१०० भरला. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. गोळ्या चुकल्या नव्हत्या, लोणचे-पापड वाढलेले नव्हते, दुसरे कोणते औषधही सुरू नव्हते. झोपेविषयी विचारले तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

“आठ दिवस झाले डॉक्टर, डोळ्याला डोळा लागलेला नाही.”

सोबत आलेल्या मुलाला मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले. दार लागले आणि सर बोलू लागले.

त्यांच्या पत्नीचे निधन होऊन वर्ष होत आले होते. बाईंना फेसबुकची हौस होती. नातवाचे बारसे, अंगणातली जास्वंद, भिशीच्या मैत्रिणींबरोबरची सहल अशी दहा वर्षांची छायाचित्रे तेथे होती आणि प्रत्येकाखाली त्यांनी चार ओळी लिहिलेल्या होत्या. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने त्या ओळी पुन्हा वाचाव्यात, एक चांगले छायाचित्र काढून घ्यावे, असे सरांच्या मनात आले. पण बाईंचा मोबाईल बंद पडला होता, पासवर्ड त्यांनी कुणाला सांगितलेला नव्हता आणि सरांचे स्वतःचे खाते फक्त व्हॉट्सअॅपवर होते. रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी मोबाईलवर शोध घेतला. ‘केवळ नाव लिहा, दोन मिनिटांत पासवर्ड मिळवा, विनामूल्य’ असे सांगणारे एक पान सापडले.

सरांनी पत्नीचे नाव लिहिले. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली, अक्षरे भराभर धावली आणि शेवटी ‘पासवर्ड सापडला’ असे शब्द उमटले. त्यापुढे आठ तारका होत्या. तारकांमागची अक्षरे पाहण्यासाठी ‘आपण माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी अट होती. त्यासाठी दोन अर्ज भरायचे आणि एक अॅप उतरवून घ्यायचे. अॅपने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली. सरांनी येईल त्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले. पासवर्ड काही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचे स्वतःचे व्हॉट्सअॅप बंद झालेले होते आणि त्यांच्या नावाने नातलगांना निरोप गेले होते : ‘तातडीची अडचण आहे, पैसे पाठवा, उद्या परत करतो.’ सांगलीच्या मेहुणीने अठरा हजार रुपये पाठवले.

“त्यांनी संध्याकाळी फोन केला,” सर म्हणाले, “‘भावोजी, मिळाले ना पैसे?’ म्हणून. आणि मी ‘हो, मिळाले’ म्हटलं.”

आठ दिवस त्यांची झोप उडवली होती ती या एका उत्तराने. पेन्शनमधून अठरा हजार कसे साठवावेत, मेहुणीला केव्हा परत करावेत, याचा हिशेब ते रात्रभर मांडत होते. मुलाला का सांगितले नाही, असे विचारल्यावर म्हणाले, “तो म्हणेल, बाबांच्या हातात आता फोनच देऊ नका.”

असे साधन अस्तित्वात नाही

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. केवळ नाव किंवा मोबाईल क्रमांक लिहून दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड दाखवणारे साधन अस्तित्वात नाही. मोठ्या कंपन्यांमध्ये पासवर्ड जसाच्या तसा वहीत टिपून ठेवण्याची रीत नसते. सुंठ खलात घालून तिची पूड करावी, तसे गणिती प्रक्रियेने पासवर्डाचे रूपांतर करून ती ‘पूड’ साठवली जाते. आपण पुन्हा पासवर्ड लिहिला की त्याचीही तशीच पूड होते आणि ती आधीच्या पुडीशी जुळते का, एवढेच पाहिले जाते. पुडीवरून सुंठेचा मूळ तुकडा परत घडवता येत नाही. आपण ‘पासवर्ड विसरलो’ असे कळवतो तेव्हा कंपनी जुना पासवर्ड सांगत नाही, नवा तयार करायला लावते. त्याचे कारण हेच. जे कंपनीला जमत नाही, ते रस्त्यावरच्या फुकट साधनाला कसे जमेल?

मग ती हिरवी पट्टी आणि त्या तारका? ते निव्वळ चलच्चित्र. अस्तित्वातच नसलेले एखादे नाव लिहिले तरी पट्टी तशीच सरकते आणि पासवर्ड तसाच ‘सापडतो’. खरा व्यवहार पुढच्या पायरीवर असतो. कोठे आपला क्रमांक आणि माहिती गोळा करून विकली जाते, कोठे ‘शुल्क’ मागितले जाते, कोठे आपलाच पासवर्ड लिहून घेतला जातो. सरांच्या बाबतीत मेसेज वाचणारे अॅप बसवले गेले. त्यामुळे व्हॉट्सअॅपचा सहा अंकी संकेतांक चोराच्या हाती आपोआप पोहोचला. कुलूप कुणी फोडले नाही. किल्ली आपल्या हातून काढून घेतली गेली.

याच धंद्याचे दुसरे रूप अधिक क्रूर आहे. ज्याचे खाते खरोखरच चोरीला गेले आहे, तो समाजमाध्यमावर तक्रार लिहितो. लगेच कुणी अनोळखी इसम सांगतो, “माझेही गेले होते, अमुक तज्ज्ञाने एका दिवसात परत मिळवून दिले.” तो ‘तज्ज्ञ’ आगाऊ रक्कम घेतो, मग ‘आणखी थोडी’ मागतो आणि नाहीसा होतो. जखमेवर पट्टी बांधतो असे म्हणत खिसा कापण्यातलाच हा प्रकार.

संकोचावर चालणारा धंदा

तीस वर्षे व्यवसाय करताना मी भोंदू उपचारांच्या जाहिराती पुष्कळ पाहिल्या. मूळव्याध, केस गळणे, मूल न होणे, लैंगिक दुर्बलता. ‘हमखास इलाज, गुप्तता पाळली जाईल.’ या जाहिराती पडलेल्या हाडावर किंवा टायफॉइडवर फारशा दिसत नाहीत. ज्या दुखण्याविषयी माणूस घरात बोलू शकत नाही, त्याच दुखण्यावर भोंदूचे दुकान चालते. गिऱ्हाईक लाजत येते, घाईत असते आणि फसल्यावर तक्रार करत नाही.

पासवर्ड शोधून देणाऱ्यांचे गिऱ्हाईक नेमके असेच असते. कुणाला दिवंगत जोडीदाराचे खाते उघडायचे असते, कुणाला तरुण मुलगा कुणाशी बोलतो ते पाहायचे असते, कुणाला सुनेविषयी शंका असते. हेतू चांगला असो वा वाईट, दुसऱ्याचे कुलूप त्याच्या नकळत उघडायला आपण निघालो होतो, ही टोचणी फसलेल्याच्या मनात असते. तीच त्याचे तोंड बंद ठेवते आणि तिच्यावरच चोराची सगळी भिस्त असते.

कायदाही येथे लक्षात ठेवावा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार परवानगीवाचून लबाडीने दुसऱ्याच्या खात्यात शिरणे हा गुन्हा आहे. कलम ६६ खाली त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. नाते पती-पत्नीचे किंवा आई-मुलाचे असल्याने पासवर्ड आपोआप आपला होत नाही. तथापि आपली फसवणूक झाली असेल तर तक्रार करताना संकोच मुळीच करू नये. गुन्हेगार तो आहे.

सुवर्णतास

हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा, हे आपण सर्व जाणता. पैशाच्या सायबर चोरीतही तसेच आहे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असताना वेळेवर कळवले तर ती वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. म्हणून पुढील क्रम कागदावर लिहून फोनजवळ ठेवावा.

१. संशयित अॅप उतरवले गेले असेल तर तो मोबाईल तत्काळ ‘फ्लाइट मोड’वर टाकावा. वाय-फाय वेगळे सुरू राहिले असेल तर तेही बंद करावे. पुढचे सर्व फोन घरातील दुसऱ्या मोबाईलवरून करावेत.

२. पैसे गेले असतील, आपले किंवा आपल्या नावाने दुसऱ्याचे, तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवावे. ज्याच्या खात्यातून रक्कम गेली, त्याने स्वतः कळवणे उत्तम. लेखी तक्रार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे.

३. नातलगांना आणि मित्रांना फोन करून सांगावे : ‘माझ्या नावाने पैसे मागणारा निरोप माझा नाही.’ यात उशीर झाला तर आणखी एखादी मेहुणी फसते.

४. जाणकाराकडून ते अॅप काढून टाकावे. छायाचित्रे आणि क्रमांक सुरक्षित ठेवून मोबाईल मूळ स्थितीत आणणे अधिक बरे. त्याआधी पासवर्ड बदलण्यात अर्थ नाही. नवा पासवर्डही चोर पाहील.

५. मोबाईल स्वच्छ झाल्यावर व्हॉट्सअॅपमध्ये आपला क्रमांक पुन्हा नोंदवावा आणि मेसेजमध्ये आलेला सहा अंकी संकेतांक लिहावा. तो लिहिताच चोर आपल्या खात्यातून बाहेर पडतो. चोराने स्वतःचा पिन बसवला असेल तर तो न मागता आत जाण्यासाठी आपल्याला ७ दिवस थांबावे लागते. या सात दिवसांत घाबरून कुणा ‘तज्ज्ञा’कडे जाऊ नये. चोर आधीच बाहेर गेलेला असतो. आपल्याला फक्त वाट पाहायची असते.

६. फेसबुकचे खाते गेले असेल तर ‘फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड’ हे कंपनीचे स्वतःचे पान आहे. तेथील मार्ग विनामूल्य आहे. पैसे मागणारा कोणीही कंपनीचा माणूस नव्हे.

रोजचे पथ्य

पासवर्डाचे पथ्य मधुमेहाच्या पथ्याहून सोपे आहे. जन्मतारीख, नातवाचे नाव, गाडीचा क्रमांक हे पासवर्ड म्हणून वापरू नयेत. आपण स्वतःच ते वाढदिवसाच्या शुभेच्छांत जगजाहीर केलेले असतात. परस्परांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द एकत्र गुंफावेत. परसदार, घंटा, कोथिंबीर यांसारखे. हे तीन मात्र आता छापून आले, आपण आपले निवडावेत. पासवर्ड लांब असला की अंदाजाने ओळखणे अवघड जाते आणि आपल्या लक्षात राहणे सोपे.

एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नये. एका ठिकाणाहून तो फुटला की चोर तोच दहा दारांना लावून पाहतो. मीही अनेक वर्षे दवाखान्याचा संगणक, ई-मेल आणि बँक यांना एकच पासवर्ड लावत होतो. कंपाउंडर तो मोठ्याने उच्चारत असे, हेही कबूल करतो. सरांच्या प्रसंगानंतर मी तो बदलला. ई-मेलचा पासवर्ड सर्वांत भक्कम ठेवावा, कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तेथेच येतात.

एवढे सगळे लक्षात कसे ठेवावे? वहीत लिहा. वहीत लिहू नये असे पूर्वी सांगत असत, परंतु घरात राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी कपाटात कुलूपबंद असलेली वही वाईट नाही. परगावी बसलेल्या चोराचा हात आपल्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. फक्त वही पिशवीत घालून बाहेर नेऊ नये, तिचे छायाचित्र मोबाईलमध्ये ठेवू नये आणि बँकेचा पिन तिच्यात लिहू नये.

व्हॉट्सअॅपच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट’खाली ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ असते. तेथे सहा अंकी पिन बसवावा आणि ई-मेलही नोंदवावा. मग मेसेजमधला संकेतांक चोराला मिळाला, तरी पिनवाचून तो आत शिरू शकत नाही. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ हा विभाग महिन्यातून एकदा पाहावा. अनोळखी संगणक दिसला तर तो तेथूनच काढून टाकता येतो. अॅप मोबाईलच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे, निरोपातून आलेल्या ‘एपीके’ फाइलला हात लावू नये. आणि ओटीपी मुलालाही फोनवर सांगायची सवय नको, कारण एक दिवस मुलाच्या नावाने दुसराच कुणी विचारील.

मागे राहणाऱ्यांसाठी

सरांची मूळ इच्छा गैर नव्हती. अशा इच्छेसाठी सरळ मार्ग आहेत, ते आपण हयातीतच वापरावेत. फेसबुकवर आपण ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमू शकतो. आपल्या पश्चात ती व्यक्ती स्मृतिरूपात ठेवलेल्या खात्याची काळजी घेते, आपण तशी परवानगी दिली असेल तर छायाचित्रांची प्रतही उतरवून घेऊ शकते. खासगी निरोप मात्र तिला वाचता येत नाहीत. गूगलवर ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या, जास्तीत जास्त १० व्यक्तींना कळवले जाते आणि आपण ठरवलेली माहिती त्यांच्याकडे जाते. बँकेत वारस नोंदवतो तसेच हे एक नामनिर्देशन समजावे. चहा घेता घेता पंधरा मिनिटांत ते होते.

काळजीवाहकांना दोन शब्द

आपल्या आई-वडिलांची भूक अचानक कमी झाली, झोप उडाली, फोन वाजला की ते दचकतात, फोन लपवतात, नेहमीचा रक्तदाब किंवा साखर विनाकारण वाढली, तर डॉक्टरांना दाखवाच, पण एकांतात, शांतपणे हेही विचारा, “कुणी पैशासाठी त्रास देतंय का?” एका मोजणीवरून गोळीची मात्रा स्वतः वाढवू नका. झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याकडून आणून देऊ नका. उतारवयात त्यांनी तोल जाऊन हाडे मोडतात.

आणि एक विनंती. “तुम्हाला सांगितलं होतं ना?” हे वाक्य गिळून टाका. पहिले वाक्य “बरं झालं सांगितलंत” हे असू द्या. आज रागावलात तर पुढच्या वेळी आपल्याला कळणार नाही आणि पुढची रक्कम मोठी असेल. फोन काढून घेणे हा उपचार नव्हे. एकट्या माणसाचे गणगोत त्यात असते. त्याऐवजी रोजच्या व्यवहारासाठी कमी शिल्लक असलेले वेगळे बँक खाते उघडून द्या, पिन त्यांच्याबरोबर बसून बसवा. स्मरणशक्ती खरोखर क्षीण होऊ लागली असेल तर मोठ्या व्यवहारांची जबाबदारी त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने घ्या. त्यांच्या नकळत पाळत ठेवणारे अॅप शोधू नका. तेही त्याच दुकानातले असते.

सरांच्या परवानगीने मी मुलाला आत बोलावले आणि सरांनीच त्याला सर्व सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, मला उठवायचं ना रात्री.” त्याच संध्याकाळी त्यांनी सांगलीला फोन केला आणि मेहुणींकडून १९३० वर तक्रार नोंदवून घेतली. आठ दिवसांचा उशीर झाला होता. पैसे अद्याप परत आलेले नाहीत. मुलाने मावशीला रक्कम देऊ केली, ती मावशीने अर्धीच घेतली.

त्या बोलण्यात मावशींना कळले की भावोजींना ताईची छायाचित्रे हवी होती. त्या म्हणाल्या, “अहो, ती सगळी माझ्या फेसबुकवर दिसतात. मी ताईच्या मित्रयादीत होते ना.” पासवर्डाची गरजच नव्हती. आठवड्याभरात त्यांनी छायाचित्रे आणि त्याखालच्या ओळी एका वहीत उतरवून पाठवल्या. तीन आठवड्यांनी सर तपासायला आले तेव्हा रक्तदाब १४२/८४ होता. गोळी तीच, मात्रा तीच.

वाचकहो, आपले काही हरवले असेल, किल्ली, पासवर्ड किंवा माणूस, तर मध्यरात्री पडद्यावरच्या अनोळखी इसमाला विचारू नका. सकाळ होऊ द्या आणि घरातल्या कुणाला तरी सांगा.